आजोबांचा फोन गप्प का झाला?

असं समजा, की तुमच्यासमोर एक फोन ठेवलाय. चार्जिंग पूर्ण आहे. आवाज सगळ्यात मोठा. काचेवर एक चरासुद्धा नाही. घड्याळात शनिवारचे चार वाजताहेत, म्हणजे तो आता वाजायलाच हवा. तुम्ही श्वास रोखून बघताय. चार वाजून एक मिनिट. चार वाजून दहा. साडेचार! पंखा मान हलवतोय, पर्सिमनच्या झाडावर किडे कर्कश ओरडताहेत, आणि फोन मात्र गप्प.

समजलात? आता असेच ओळीने चार शनिवार समजा. म्हणजे नारीदो बेटावरच्या सोदामला काय वाटत होतं, ते तुम्हाला थोडंफार कळेल.

सोदाम बारा वर्षांची. तिची आई ती लहान असतानाच गेली, आणि बाबा माकूळ पकडणाऱ्या मोठ्या जहाजावर, जगाच्या पार दुसऱ्या टोकाच्या समुद्रात. जहाजावरच्या प्रत्येकाला आठवड्यातून एकदा घरी फोन करता येई. नोंदवलेल्या एकाच नंबरावर, मोजून पाच मिनिटं. बाबांची पाळी शनिवारी दुपारी चारला. घरात फोन एकच, तो आजोबांचा. चार वाजायच्या आधीच आजोबा आणि सोदाम अंगणातल्या लाकडी ओट्यावर फोन मध्ये ठेवून बसत. आणि फोन लागला की आजोबांचा पहिला प्रश्न ठरलेला, तोही ओरडून, जणू काही समुद्रापलीकडे हाक मारायचीय: "जेवलास का?"

जुलै महिन्यात अचानक ते फोन थांबले.

आजोबांनी जहाजाच्या कंपनीत विचारलं. "जहाज ठणठणीत आहे, सगळे सुखरूप," असं उत्तर आलं. ते ऐकून आधी दोघांना बरं वाटलं. मग जास्तच वाईट वाटलं. सुखरूप आहेत, तर फोन का करत नाहीत?

"अजून नाही आला?" चानयुलने ओट्यावर पाठपिशवी टाकत विचारलं. तो सोदामचा आतेभाऊ, तेरा वर्षांचा. त्याच्यामागून त्याची नऊ वर्षांची बहीण बोमी आली, एका हातात उकडलेलं कणीस आणि दुसऱ्या हातात वही. दोघं दर उन्हाळ्याच्या सुट्टीत ग्वांगजू शहरातून बेटावर यायची.

"नाही," सोदाम म्हणाली. ती सुक्या मांदेलीतून तुटके मासे निवडत होती. मान वर न करता तिने सांगितलं, "आणि परवाचा शनिवार शेवटचा आहे. त्यानंतर जहाज आणखी दक्षिणेला जाणार. तिथून फोन लागत नाही. मग थेट किमचीचं लोणचं घालायच्या दिवसांत."

"म्हणजे नोव्हेंबर!" बोमी ओरडली.

"कंपनीला सांग ना, मामांना माझा नंबर द्यायला!" चानयुल म्हणाला.

"सांगितलं. निरोप पोचायला दहा दिवस लागतात म्हणे."

"आणि फोन दुरुस्तीला?"

"आजोबा कालच्या बोटीने जाऊन आले. दुकानदाराने हातात धरून बघितलासुद्धा नाही. म्हणाला, फोन म्हातारा झालाय, टाकून द्या, नवा घ्या. जुन्यातलं काही राहणार नाही. आजोबा तसेच परत आले."

"का बरं?"

सोदामने एक तुटका मासा बाजूला टाकला. "त्यात बाबांचे सगळे फोन रेकॉर्ड झालेले आहेत. आजोबा रोज सकाळी मासे पसरताना एकेक लावतात."

बोमीने कणीस खाली ठेवलं, वही उघडली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'तपास. गुरुवार.'

आजोबा घरामागे जाळं सांधत होते. त्यांची परवानगी काढून तिघं फोनभोवती बसली.

"पहिलं काम म्हणजे बंद करून परत चालू करायचा," चानयुल ऐटीत म्हणाला. "अर्धे आजार तिथेच बरे होतात."

"तुझ्यासारखंच! झोपून उठलास की बरा असतोस," बोमी म्हणाली.

"तू लिही गं गप्प! आता आवाज बघू, मग नेटवर्क, मग..." त्याची बोटं भराभर चालू लागली.

"थांब!" सोदामने फोन ओढून घेतला. "एका वेळी एकच गोष्ट. पाच बटणं एकदम दाबलीस, तर कशाने बरं झालं ते कळणार कसं? आणि आणखी बिघडलं तर कशाने बिघडलं ते?"

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिच्याबरोबर गुंतलेली दोरी सोडवताना बाबा हेच करत: एक टोक धरायचं, सुटेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही.

मग सगळं ओळीने झालं. फोन बंद करून चालू केला. आवाज पाहिला, मोठा होता. 'त्रास देऊ नका' असं काही लावलेलं आहे का ते पाहिलं, नव्हतं. सिमकार्ड काढून, कोरड्या फडक्याने पुसून परत बसवलं. अडवलेल्या नंबरांची फोनमधली यादी उघडली, ती रिकामी होती. बोमी प्रत्येक ओळीपुढे खूण करत गेली.

"आता माझ्या फोनवरून लावतो," चानयुल म्हणाला.

ट्रिंग! ट्रिंग! फोन एवढ्या जोरात वाजला, की कुंपणावरची मांजर उडाली. आणि त्याच क्षणी घरामागून आजोबा पळत आले. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी, हातात जाळ्याची सुई तशीच.

"त्याचा का? त्याचाच ना?"

चानयुलचा चेहरा पडला. "नाही, आजोबा... मीच. तपासत होतो."

आजोबा ओट्याच्या कडेला टेकले. बराच वेळ त्यांनी पायाला लागलेली वाळू झटकली.

"म्हणजे फोन चांगला आहे," ते शेवटी म्हणाले. "मग तो करतच नाही. एवढंच आहे ते. उगीच नका रे शोधत बसू."

मुलांनो, सगळ्यात कठीण वेळ ही असते. वस्तू बरोबर चालते, असं सिद्ध होतं आणि मग आपण माणसालाच दोष देऊन मोकळे होतो. सोदामलाही क्षणभर तसंच वाटलं. पण ती दोरीचं टोक सोडायला तयार नव्हती.

"चानयुल," ती हळूच म्हणाली, "तुझा फोन वाजला. बाबांचा वाजत नाही. तुझ्यात आणि बाबांत फरक काय?"

"मामा मेहनती आहेत," बोमी लगेच म्हणाली.

"बोमी!"

"बरं, बरं! ते लांब आहेत."

"किती लांब?"

"देशाच्या बाहेर..." चानयुल म्हणाला, आणि मग त्याचे डोळे मोठे झाले.

बेटावर परदेशातून फोन येणारं, त्यांना माहीत असलेलं आणखी एकच माणूस होतं. धक्क्याजवळ छोटं दुकान चालवणाऱ्या लियेनकाकू. त्या व्हिएतनामहून लग्न होऊन इथे आल्या, त्याला अकरा वर्षं झाली होती. तिघं धावतच दुकानात पोचली.

"आइस्क्रीम ना? चपला बाहेर झटका आधी! आत्ताच पुसलंय," काकू म्हणाल्या.

"काकू, तुमच्या आईचा फोन येतो का?" सोदामने धापा टाकत विचारलं.

काकूंचा हात फ्रीजच्या दारावरच राहिला.

"का गं? कुणी काही बोललं का?"

"नाही काकू. माझ्या बाबांचा बंद झालाय, म्हणून विचारलं."

काकूंनी तिघांना आइस्क्रीम दिलं आणि स्टुलावर बसल्या. "महिना झाला. आईकडे फोन नाही. ती दर रविवारी बाजारातल्या दुकानातून लावायची. मी तिकडे लावला, तर दुकानदार म्हणतो, अहो, आई येतात की दर रविवारी, लावतात, बराच वेळ उभ्या राहतात आणि जातात. मला वाटलं, माझं मन राखायला बोलतोय. गेल्या वर्षी माहेरी गेले नाही मी. आई रागावली असेल."

"रागावल्या नाहीयेत!" सोदाम एवढ्या मोठ्याने ओरडली, की तिच्याच आइस्क्रीमचा गोळा खाली पडला. पुसलेल्या फरशीवर! पण काकू रागावल्या नाहीत.

"काकू, तुमचा फोन जरा बघू?"

फोनच्या पडद्यावर, हवामान आणि बोटीच्या वेळापत्रकाच्या मध्ये, एक हिरवी छत्री होती, कुठल्याशा ॲपची खूण. सोदामने तशीच छत्री सकाळी आजोबांच्या फोनवर पाहिली होती. तिने छत्रीवर बोट ठेवलं. 'सुरक्षा छत्री. चार आकडे टाका.'

"ही कुणी टाकली, काकू?"

"ती होय? आपल्या गावप्रमुखांनी. चोबोकच्या दिवशी."

चोबोक म्हणजे उन्हाळ्यातल्या तीन कडक दिवसांपैकी पहिला. त्या दिवशी अख्खं गाव सभागृहात जमून कोंबडीचं गरमागरम सूप पितं. उष्णतेवर उतारा उष्णतेचाच, म्हणून! यंदा सूप उकळत असताना गावप्रमुख कू यांनी भामट्या फोनांवर भाषण दिलं होतं. 'मी सरकारी वकील बोलतोय, तुमचं बँकेचं खातं धोक्यात आहे,' असं सांगून फसवणाऱ्यांचा तेव्हा सुळसुळाट झाला होता. शेजारच्या बेटावर एक आजीबाई थोडक्यात वाचल्या होत्या. कूकाकांनी एक टोपली फिरवली, सगळ्यांचे फोन गोळा केले, आणि सूप संपायच्या आत चाळीस फोनांत छत्री बसवून टोपली परत केली.

"तुम्हाला विचारलं होतं?" चानयुलने विचारलं.

"मी कोंबड्या सोलत होते रे! म्हणाले, दे, सुरक्षित करून देतो. दिला."

बोमीने वहीत लिहिलं: 'चोबोक रविवारी होता. मामांचा शेवटचा फोन त्याच्या आदल्या शनिवारी.' आणि त्याखाली तीन रेघा ओढल्या.

गावप्रमुख कू सभागृहात ध्वनिक्षेपकाच्या वायरी आवळत होते. ठेंगणे, गोल, डोक्यावर हिरवी टोपी.

"छत्री उघडून हवी? मुळीच नाही!" त्यांनी पक्कड हलवली. "चार आकडे कुणाला सांगायला लागलो, तर उद्या भामटे घरात शिरतील! काय समजलात? पोरांनी सुट्टीत पोहावं, कलिंगड खावं. तंत्रज्ञानात नाक खुपसू नये."

"पण काका, माझे बाबा..."

"तुझे बाबा कामात असतील. माझी मुलगी ऑस्ट्रेलियात द्राक्षं तोडायला गेलीय वर्षभर, ती तरी कुठे फोन करते? आधी दर बुधवारी करायची. आता महिना झाला, नाव नाही! पोरं मोठी झाली की विसरतात. आपण मनाला लावून घ्यायचं नाही." असं म्हणून त्यांनी पक्कड चुकीच्या वायरीला लावली.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. चानयुलने तोंड उघडलं, पण सोदामने त्याच्या पायावर पाय दिला.

"काका," ती एकदम गोड आवाजात म्हणाली, "बोमीला सुट्टीची रोजनिशी लिहायचीय शाळेसाठी. 'बेटाचा रक्षक' असं तुमच्यावर लिहिलं तर चालेल?"

"माझ्यावर?" काकांनी टोपी नीट केली.

"छत्रीने किती भामटे अडवले, तेही लिहीन," बोमी पेन्सिल जिभेला लावत म्हणाली. "पण आकडा खरा हवा. आमच्या बाई फार विचारतात!"

"खराच देतो!" काकांनी स्वतःचा फोन काढला आणि पाठ फिरवून चार आकडे टाकले. "मी स्वतःच्या फोनवरसुद्धा छत्री ठेवलीय. आधी स्वतः करावं, मग लोकांना सांगावं! हे बघ, यादी! लिही. एक भामटा. दोन. तीन... हा एक तर भलताच चिकट दिसतोय. तोच नंबर परत परत!"

"केव्हा केव्हा आला?" सोदामने विचारलं.

"बुधवारी संध्याकाळी सात. परत बुधवारी सात. परत बुध..."

काकांचा आवाज बारीक होत गेला. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग टोपी काढली.

"एकसष्टने सुरू होतो," ते पुटपुटले. "ऑस्ट्रेलियाचा."

सभागृहातल्या भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करत होतं. कुणी हसलं नाही, चानयुलसुद्धा. काका दाराबाहेर जाऊन उभे राहिले, आणि आत फक्त त्यांचा आवाज ऐकू आला. "हॅलो... हो, मीच गं, बाळ... नाही गं, रागावलो कशाला... मीच येडा..."

दहा मिनिटांनी ते परत आले तेव्हा त्यांचं नाक लाल होतं.

"चला," ते म्हणाले, "आधी तुझ्या आजोबांकडे."

आजोबांसमोर गावप्रमुखांनी कमरेत वाकून मान खाली घातली. "दादा, चूक माझी. भामट्यांना अडवण्याच्या नादात परदेशातला प्रत्येक फोन अडवून बसलो. न विचारता केलं आणि करून विसरलो." त्यांनी चार आकडे टाकले, आणि छत्रीतली यादी उघडून फोन सोदामच्या हातात दिला.

एकच लांबलचक नंबर. चार शनिवार. पहिल्या शनिवारी दोनदा. दुसऱ्या शनिवारी तीनदा. मग परत तीनदा, परत तीनदा.

"अकरा," सोदाम म्हणाली. "आजोबा, बाबांनी अकरा वेळा केला."

आजोबांना चष्म्याशिवाय आकडे दिसत नव्हते. पण त्यांनी फोन हातात घेतला आणि त्या ओळींवरून अंगठा फिरवला. एकेका ओळीवर थोडा थांबत. मग त्यांनी अंगठा काढला आणि आपला खरखरीत हात सोदामच्या डोक्यावर ठेवला.

"मी फोनला चांगला म्हटलं आणि त्याला वाईट," ते म्हणाले. "तू सोडलं नाहीस. मोठी माणसं हातातलं सोडून देतात गं लवकर."

त्यानंतर काकांकडून चार आकडे घेऊन दीड दिवस तिघं घरोघर फिरली. परदेशचे फोन अडवणारी कळ बंद करायची, आणि अनोळखी फोनवर कुणी पैसे मागितले तर ठेवून द्यायचं, हे प्रत्येक आजीला तिच्याच बोटाने करायला लावून शिकवायचं. चाळीस फोन! चानयुलने सत्तावीस वेळा "नाही आजी, ते कॅमेऱ्याचं बटण" म्हटल्याची नोंद बोमीच्या वहीत आहे. लियेनकाकूंचा फोन सगळ्यांत आधी झाला. पण रविवार यायचा होता, म्हणून काकू फोन उशाशी घेऊन वाट बघत होत्या.

शनिवारी सकाळी ध्वनिक्षेपक खरखरला. "आ... आ... ऐकू येतंय का? मी कू बोलतोय. छत्रीची चूक माझी. ती शोधून काढली तीन मुलांनी. सोदाम, चानयुल आणि बोमी. आज दुपारी चारच्या सुमारास कृपया कुणीही सोदामच्या आजोबांच्या फोनवर फोन करू नये. धन्यवाद. आणि शाब्बास!"

दुपारी अंगण भरलं. कुणी कलिंगड आणलं, कुणी सोयाच्या थंड दुधातल्या शेवया. पण खात कुणीच नव्हतं. चार वाजले. चार वाजून एक मिनिट. चार वाजून दोन मिनिटं. आजोबांचा गुडघा हलत होता.

ट्रिंग!

आजोबांनी फोन उचलला आणि सगळ्या बेटाला ऐकू जाईल असं ओरडले, "जेवलास का?"

पलीकडे नुसती घरघर. मग खूप लांबून, थांबत थांबत आवाज आला. "अप्पा? अप्पा, चार शनिवार कुणी उचलत नव्हतं. मला वाटलं, तुम्ही रागावलात. यंदाही आलो नाही म्हणून."

आजोबांनी फोनचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला आणि तो सोदामच्या हातात दिला. ती बोलत सुटली. पोहताना खडकाला ढोपर खरचटलं ते. छत्रीचं. मांजरीला पिल्लं झाली ते. बाबा हसले, आणि त्या हसण्याने तिला एकदम त्यांच्या शर्टाचा वास आठवला. एक गोष्ट मात्र तिने मुद्दाम शेवटासाठी राखली होती. ती इतक्या लोकांसमोर पटकन बोलता येण्यासारखी नव्हती.

"सोदाम, एकच मिनिट राहिलं," बाबा म्हणाले. "माझ्यामागे हादी उभा आहे, इंडोनेशियाचा. त्याच्याही घरी महिनाभर कुणी उचलत नाही. तुझ्याएवढी मुलगी आहे त्याची. नुसता गप्प बसून असतो बिचारा... ते असू दे. तू बोल, बाळ. आता नोव्हेंबरपर्यंत तुझा आवाज नाही. बोल काहीतरी."

सोदामने घड्याळाकडे पाहिलं. पन्नास सेकंद. अंगणात सगळे श्वास रोखून बसले होते. ती राखलेली गोष्ट नोव्हेंबरवर ढकलून तिने डोळे एकदा घट्ट मिटले आणि उघडले.

"बाबा," ती म्हणाली, "हादीकाकांना जवळ बोलवा आणि मी सांगते ते त्यांना एकेक करून सांगा. घाई नको. पहिलं म्हणजे, घरच्या फोनवर लावूच नका. कप्तानाला सांगून नोंदवलेला नंबर बदलून घ्या आणि गावातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर लावा. तो लागला, की त्यांना म्हणावं, आमच्या घरी जा आणि फोनमध्ये अडवलेल्या नंबरांची यादी उघडून बघा. सांगितलंत? मग दुसरं..."